मास्टर विनायक

मास्टर विनायक, मूळ नाव विनायक दामोदर कर्नाटकी (जन्म : कोल्हापूर, १९ जानेवारी १९०६, मृत्यू : मुंबई, १९ ऑगस्ट १९४७), हे मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते होते. बोलपटाच्या पहिल्या दीड दशकात मराठी पडद्यावर सामाजिक विनोदी चित्रपटाची परंपरा रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. 'ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली', 'अर्धांगी', 'लग्न पहावे करून' आणि 'सरकारी पाहुणे' हे त्यांचे चित्रपट विशेष गाजले. आचार्य अत्रे आणि वि. स. खांडेकर या अगदी भिन्न प्रकृतीच्या दोन लेखकांकडून त्यांनी सातत्याने पटकथा लिहून घेतल्या. अभिनेत्री नंदा या त्यांच्या कन्या होत.

कोल्हापूर आणि प्रभात

विनायकांचा जन्म ज्या गोतावळ्यात झाला, त्याने मराठी चित्रपटसृष्टीचा मोठा भाग व्यापला होता. अभिनेते बाबूराव पेंढारकर आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकर हे त्यांचे सावत्र बंधू, तर व्ही. शांताराम हे जवळचे नातलग. धाकट्या पातीतील वासुदेव कर्नाटकी यांनी छायालेखनात नाव मिळवले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने मूकपटांच्या काळातच चित्रनिर्मितीची पायाभरणी केली होती. तेथून बाहेर पडलेल्या विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर व शांताराम यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. घरातील माणसे या ना त्या स्टुडिओत असल्यामुळे विनायकांचा कॅमेऱ्याशी परिचय लवकर झाला.

मूकपट मागे पडून बोलपट आला तेव्हा पडद्याला स्पष्ट वाणीच्या आणि गाता गळा असलेल्या नटांची गरज भासू लागली. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ नव्हती, त्यामुळे नटाला स्वतःची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच गावी लागत. विनायकांकडे दोन्ही गुण होते. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटांपैकी एकात त्यांनी काम केले. त्यापाठोपाठ 'अग्निकंकण', 'माया मच्छिंद्र' (दोन्ही १९३२) आणि 'सिंहगड' (१९३३) या चित्रपटांत ते दिसले. नावामागील मास्टर हे बिरुद त्या काळच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर सर्रास वापरले जाई. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव ही त्याचीच उदाहरणे. विनायकांच्या बाबतीत ते इतके पक्के चिकटले की पुढे कर्नाटकी हे आडनाव सामान्य प्रेक्षकाच्या विस्मरणात गेले.

प्रभातने १९३३ मध्ये आपला मुक्काम पुण्याला हलवला. विनायक आणि बाबूराव पेंढारकर कोल्हापुरातच राहिले व संस्थानच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनमध्ये दाखल झाले. तेथे विनायकांना दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली. मामा वरेरकर यांच्या लेखनावर आधारित 'विलासी ईश्वर' (१९३५) हा तो चित्रपट. त्याच्या हिंदी आवृत्तीचे नाव 'निगाहे नफरत' असे होते. शोभना समर्थ यांचे पडद्यावरील पदार्पण याच चित्रपटातून झाले. नूतन आणि तनुजा यांच्या आई म्हणून आज त्या अधिक ओळखल्या जात असल्या, तरी पुढे 'राम राज्य'मधील सीतेच्या भूमिकेने त्यांना देशभर कीर्ती मिळवून दिली होती.

हंस पिक्चर्स

१९३६ मध्ये विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी एकत्र येऊन कोल्हापुरात हंस पिक्चर्स ही संस्था काढली. तिघांपैकी एक पडद्यावर खलनायक रंगवण्यात वाकबगार, दुसरा प्रकाशाचा जाणकार आणि तिसरा दिग्दर्शक-नायक, अशी ही विभागणी व्यवहाराच्या दृष्टीने सोयीची होती. भांडवल मात्र बेताचेच होते. पौराणिक देखावे आणि भव्य सेट ही प्रभातची मक्तेदारी होती. तिच्याशी त्या मैदानात स्पर्धा करणे हंसला परवडणारे नव्हते. समकालीन विषय, मध्यमवर्गीय घरे आणि लेखकाच्या बळावर उभा राहणारा चित्रपट हा मार्ग त्यांनी स्वीकारला, त्यामागे आवडीइतकीच ही निकडही होती.

पहिल्याच 'छाया' (१९३६) या चित्रपटासाठी विनायकांनी वि. स. खांडेकरांना पटकथालेखक म्हणून आणले. खांडेकर तेव्हा शिरोडे येथे शाळामास्तर होते. १९२० पासून ते त्या लहानशा गावी राहत होते आणि कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रात झाले होते. चित्रपटाशी त्यांचा संबंध विनायकांमुळे आला आणि १९३८ मध्ये ते कोल्हापूरला स्थायिक झाले. 'छाया'मध्ये बापाच्या गुन्ह्याचे सावट मुलांच्या आयुष्यावर कसे पडते, याचे चित्रण होते. लीला चिटणीस यांची त्यात प्रमुख भूमिका होती. करुण, ध्येयवादी आणि किंचित भावविवश असा खांडेकरांचा सूर विनायकांना मनापासून भावत असे, हे त्यांनी अखेरपर्यंत केलेल्या निवडींवरून दिसते. तिकीट खिडकीने मात्र त्यांना वेगळ्याच कारणासाठी डोक्यावर घेतले.

ते कारण म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. 'साष्टांग नमस्कार' (१९३३) या नाटकातून अत्र्यांनी महाराष्ट्रातील नाना छंदवेडांची टर उडवली होती. 'घराबाहेर' आणि 'लग्नाची बेडी' या नाटकांनी त्यांना रंगभूमीवरील आघाडीचे नाटककार केले होते. हंससाठी त्यांनी 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' (दोन्ही १९३७) हे चित्रपट लिहिले. धर्माच्या नावाखाली चालणारा दांभिकपणा आणि प्रेमाच्या नावाखाली चालणारा भाबडेपणा यांची त्यांत चेष्टा होती. अत्र्यांचे संवाद चटपटीत असत, पण पडद्यावर त्यांचा वेग सांभाळणे सोपे नव्हते. नाटकातला हशा संपेपर्यंत नट थांबू शकतो. चित्रपटात हशासाठी किती जागा सोडायची, हे आधीच ठरवावे लागते. विनायकांना ही नस सापडली होती.

'ज्वाला' आणि 'ब्रह्मचारी'

१९३८ हे वर्ष हंसच्या इतिहासात दोन टोकांचे ठरले. खांडेकरांच्या कथेवरील 'ज्वाला' हा चित्रपट संस्थेने मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत मोठ्या खर्चाने काढला. 'अमृतमंथन'मधील भेदक डोळ्यांमुळे प्रसिद्धीस आलेले चंद्रमोहन यांना त्यासाठी घेतले होते. महत्त्वाकांक्षेपायी अधःपात पावणाऱ्या सेनानीची ही पोशाखी कथा प्रेक्षकांनी नाकारली आणि हंसची आर्थिक घडी विसकटली. ज्या भव्यतेच्या वाटेला जायचे नाही असे संस्थेने आरंभी ठरवले होते, नेमकी तीच वाट या वेळी धरली गेली होती.

त्याच वर्षीच्या 'ब्रह्मचारी'ने संस्थेला हात दिला. अत्र्यांनी लिहिलेल्या या चित्रपटाचा नायक औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण आहे. ब्रह्मचर्याच्या महतीवरचे एक व्याख्यान ऐकून तो भारावतो, खोलीतल्या सिनेनट्यांच्या तसबिरी टाकून देतो, व्यायामाची साधने आणतो आणि ब्रह्मचाऱ्यांच्या आश्रमात दाखल होतो. किशोरी नावाची तरुणी समोर येताच या निश्चयाचे जे काही होते, तोच चित्रपटाचा विषय. औदुंबरची भूमिका स्वतः विनायकांनी केली. सडपातळ अंगकाठी, निरागस चेहरा आणि आपण फसतो आहोत याची नायकाला स्वतःला सर्वांत शेवटी जाणीव होणे, ही त्यांच्या विनोदाची तऱ्हा होती. अंगविक्षेपांपेक्षा प्रसंगातली विसंगती ते अधिक वापरत.

किशोरीच्या भूमिकेत मीनाक्षी शिरोडकर होत्या. त्यांचा हा पहिलाच चित्रपट. पोहण्याचा पोशाख घालून तलावाकाठी गाणाऱ्या मीनाक्षी आणि त्यांच्याकडे पाहून व्रत डळमळीत होणारा औदुंबर, हे दृश्य त्या काळी कमालीचे वादग्रस्त ठरले. दादा चांदेकरांनी संगीत दिलेले ते गीत घरोघर गेले. विवाहित, मध्यमवर्गीय घरातील स्त्रीने असा पोशाख करावा यावर वृत्तपत्रांतून टीका झाली आणि टीकेमुळे चित्रपटगृहांपुढील रांगा आणखी लांबल्या. चित्रपट महिनोन्‌महिने चालला. आजच्या वाचकाला तो पोशाख पाहून वादाचे कारणच कळू नये, इतका तो साधा आहे. मीनाक्षी शिरोडकरांच्या नाती नम्रता व शिल्पा शिरोडकर या पुढे हिंदी चित्रपटांत नायिका झाल्या, तेव्हा आजीच्या या दृश्याची आठवण सिनेमासिकांनी पुन्हा पुन्हा काढली. त्यात एक गोष्ट बहुधा निसटते. हे दृश्य केवळ सनसनाटीसाठी घातलेले नव्हते. ब्रह्मचर्याच्या पोकळ डामडौलाची फजिती करण्यासाठी कथेला त्याची गरज होती. विनायक-मीनाक्षी ही जोडी नंतर अनेक चित्रपटांत आली.

१९३९ मध्ये 'ब्रँडीची बाटली' आली. या वेळी मध्यवर्ती भूमिका दामुअण्णा मालवणकर यांच्याकडे गेली. तिरळ्या डोळ्यांचा आणि बुजऱ्या चालीचा हा नट विनायकांच्या चित्रपटांचा दुसरा आधारस्तंभ होता. मद्याचा वासही न घेतलेल्या, सरळमार्गी बगारामवर आजारी माणसासाठी औषध म्हणून ब्रँडीची एक बाटली मिळवण्याची पाळी येते, आणि तिच्या शोधात तो नको नको त्या ठिकाणी जाऊन पोहोचतो. मुंबई इलाख्यातील काँग्रेस मंत्रिमंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. चित्रपटाचा विषय त्यामुळे वर्तमानपत्रातून उचललेला वाटावा इतका ताजा होता. त्याच वर्षी खांडेकरांच्या कथेवरचा 'देवता' प्रदर्शित झाला. एक चित्रपट हसवण्याचा आणि एक गंभीर, अशी आलटून पालटून रचना विनायकांनी यापुढेही बरीच सांभाळली.

अत्रेलिखित 'अर्धांगी' (१९४०) मध्ये पाश्चात्त्य राहणीच्या सुशिक्षित स्त्रीकडे ओढला गेलेला नवरा अखेर साध्या बायकोकडे परततो. हिंदीत तो 'घर की रानी' या नावाने आला. चित्रपट यशस्वी झाला, तथापि त्यातली चेष्टा 'ब्रह्मचारी'च्या उलट दिशेने वळलेली आहे. तेथे सनातनी सोवळेपणा विनोदाचा विषय होता, येथे शिकलेली स्त्री. मराठी विनोदी चित्रपटाच्या पुरोगामीपणाविषयी लिहिताना हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

नवयुग

स्टुडिओ आणि भांडवल यांच्या वाढत्या गरजेमुळे १९४० मध्ये हंसचे कार्य नवयुग चित्रपट लिमिटेड या नव्या मर्यादित कंपनीत विलीन झाले. भागधारक, संचालक मंडळ आणि वार्षिक हिशेब यांच्या चौकटीत काम करण्याची विनायकांची ही पहिलीच वेळ होती. नवयुगचा 'लग्न पहावे करून' (१९४०) हा त्यांच्या उत्कृष्ट चित्रपटांत गणला जातो. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ या मानसपुत्रांना त्यात प्रथमच पडद्यावर आणले गेले. पटकथा खांडेकरांची होती. करुणरसासाठी ख्यात असलेल्या लेखकाकडे विनोदी कथेचे काम सोपवण्याचा हा निर्णय धाडसाचाच म्हटला पाहिजे. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर, तर गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. बहिणीचे लग्न जमवताना होणारी ओढाताण, हुंडा, पत्रिका, मुलगी पाहण्याचे समारंभ हे सारे प्रेक्षकांच्या घरातलेच होते. जोशींच्या मूळ लेखनातील सौम्य, कुणाला न बोचणारा विनोद त्यात बराचसा टिकून राहिला. या जोडीचा 'सरकारी पाहुणे' (१९४२) हा पुढचा चित्रपटही लोकप्रिय झाला. दूरदर्शनच्या काळात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हीच पात्रे नव्या पिढीपुढे आणली.

१९४१ च्या 'अमृत'मध्ये विनायक पुन्हा खांडेकरांच्या सामाजिक कथेकडे वळले. बाबूराव पेंढारकर व ललिता पवार यांच्या त्यात भूमिका होत्या. याच सुमारास नवयुगमधील संबंध बिघडू लागले. अत्रे मतभेदांमुळे दूर झाले व त्यांनी स्वतःची संस्था काढून 'पायाची दासी' (१९४१) सादर केला. काही काळाने विनायकही नवयुगमधून बाहेर पडले. मराठीतील सर्वांत यशस्वी लेखक-दिग्दर्शक जोडी अशा रीतीने पाच वर्षांच्या आत फुटली. दोघांनीही पुढे चांगले चित्रपट काढले, परंतु 'ब्रह्मचारी'चा मोकळेपणा दोघांनाही एकेकट्याने पुन्हा साधला नाही.

मंगेशकर कुटुंब आणि प्रफुल्ल पिक्चर्स

२४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे पुण्यात निधन झाले. त्यांची थोरली मुलगी लता तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिच्यामागे चार लहान भावंडे होती. दीनानाथांशी स्नेह असलेल्या विनायकांनी या कुटुंबाला आधार दिला. नवयुगच्या 'पहिली मंगळागौर' (१९४२) या, रा. शं. जुन्नरकर दिग्दर्शित चित्रपटात लताला छोटी भूमिका आणि गाणे मिळाले. पुढे विनायकांनी प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली, तेव्हा लता तेथे दरमहा पगारावर नोकरीस लागली. अभिनयाची तिला मुळीच आवड नव्हती. रंग चेहऱ्याला लावणे, दिव्यांच्या झोतात उभे राहणे हे सारे घर चालवण्यासाठी स्वीकारलेले काम होते.

प्रफुल्लच्या 'माझं बाळ' (१९४३) मध्ये लताच्या भावंडांनाही पडद्यावर आणले गेले. आशा यांचे पहिले चित्रपटगीत याच चित्रपटातले. संगीत दत्ता डावजेकरांचे होते. कथा खांडेकरांची होती आणि कुमारी मातेच्या प्रश्नाला तिने हात घातला होता. याच वर्षी 'चिमुकला संसार' व पुढच्या वर्षी 'गजाभाऊ' आला. 'गजाभाऊ' हा मराठी चित्रपट असला तरी त्यातील एक गीत हिंदी होते आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले ते पहिले हिंदी गीत ठरले. अर्थात त्या वेळी या गोष्टीची कोणी दखल घेतली नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या काळात चित्रव्यवसायाची कोंडी केली होती. कच्ची फिल्म परवान्यावर मिळे आणि युद्धप्रयत्नांना साहाय्यक ठरणारे चित्रपट काढावेत, असा सरकारचा आग्रह असे. प्रफुल्लचा 'बडी माँ' (१९४५) हा हिंदी चित्रपट त्याच वातावरणात तयार झाला. नूरजहाँ, सितारादेवी, याकूब व मीनाक्षी हे कलावंत त्यात होते. लता आणि आशा यांनाही लहान भूमिका होत्या. नूरजहाँ आणि लता यांची भेट या चित्रपटाच्या निमित्ताने झाली. एक तेव्हा देशातील सर्वांत मोठी गायक-अभिनेत्री होती, दुसरी त्याच स्टुडिओतील पगारी मुलगी.

१९४५ मध्ये विनायकांनी प्रफुल्लचे बिऱ्हाड कोल्हापूरहून मुंबईला हलवले. मराठी चित्रपटाची बाजारपेठ मर्यादित होती आणि हिंदीत उतरल्याखेरीज संस्था तगणार नाही, हे उघड झाले होते. मंगेशकर कुटुंबही मुंबईत आले. तेथे लताला उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांची तालीम मिळू लागली. विनायकांच्या या स्थलांतरामुळे मुंबईच्या चित्रपटसंगीताला काय लाभले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. स्वतः विनायकांच्या पदरी मात्र फारसे काही पडले नाही. 'सुभद्रा' आणि 'जीवनयात्रा' (दोन्ही १९४६) हे चित्रपट त्यांनी केले. 'सुभद्रा'त शांता आपटे व लता यांनी एकत्र गायले. त्यांचे संगीत वसंत देसाई यांचे होते. शांताराम यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) मध्ये विनायकांनी नट म्हणून भूमिकाही केली. तथापि मराठी घरातील बोलीवर, टोमण्यांवर आणि नात्यांतल्या अवघडलेपणावर उभा राहणारा त्यांचा विनोद हिंदीत नेता येण्यासारखा नव्हता. हिंदी चित्रपटांत ते कसबी दिग्दर्शक वाटतात. मराठीत ते स्वतःच्या अंगणात असत.

मृत्यू आणि नंतर

'मंदिर' या हिंदी चित्रपटाचे काम चालू असताना विनायकांची प्रकृती ढासळली. त्यात एका लहान मुलाची भूमिका होती आणि तिच्यासाठी त्यांनी घरातल्याच नंदाला निवडले. केस कापून मुलगा व्हायला ती तयार नव्हती, पण वडिलांच्या इच्छेपुढे तिचे काही चालले नाही. चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, देश स्वतंत्र झाल्याच्या चौथ्या दिवशी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी विनायकांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे वय अवघे एक्केचाळीस होते. त्यांचे साहाय्यक दिनकर द. पाटील यांनी उरलेले काम पूर्ण केले आणि 'मंदिर' १९४८ मध्ये प्रदर्शित झाला.

प्रफुल्ल पिक्चर्स विनायकांबरोबरच संपली. लता मंगेशकर यांची नोकरी सुटली. पुढे संगीतकार गुलाम हैदर यांनी त्यांना पुढे आणले व 'मजबूर' (१९४८) पासून त्यांच्या पार्श्वगायनाला खऱ्या अर्थाने वेग आला. विनायकांच्या स्वतःच्या घराची स्थिती पाच वर्षांपूर्वीच्या मंगेशकरांच्या घरासारखीच झाली. कर्ता पुरुष गेलेला, मुले लहान आणि पोटापाण्याचा आधार पुन्हा एका मुलीचे चित्रपटातील काम. बेबी नंदा या नावाने तिने बालभूमिका केल्या. दिनकर पाटील यांच्या 'कुलदैवत' आणि शांताराम आठवले यांच्या 'शेवग्याच्या शेंगा' (१९५५) या मराठी चित्रपटांत ती दिसली, आणि शांताराम यांच्या 'तूफान और दिया' (१९५६) या चित्रपटाने तिला हिंदीत नाव मिळवून दिले. 'छोटी बहन' (१९५९) नंतर तिचे स्थान पक्के झाले. विनायकांचे पुत्र जयप्रकाश कर्नाटकी यांनीही चित्रपटनिर्मिती व दिग्दर्शनाच्या क्षेत्रात काम केले.

विनायकांच्या चित्रपटांपैकी आज 'ब्रह्मचारी' अधूनमधून जुन्या चित्रपटांच्या महोत्सवांत पाहायला मिळतो. तलावाकाठच्या गाण्याला टाळ्या पडतात. व्यायामाची साधने घेऊन आरशासमोर उभ्या राहिलेल्या औदुंबरच्या प्रसंगाला मात्र अजूनही मोठ्याने हशा पिकतो.